चौसष्ट जणांची चूल

"मानवाला अजून मृत्यूवर मात करता आलेली नाही," हेमंत तगारे माइकवर म्हणाले, आणि सभागृहाला ही गोष्ट पचायला वेळ मिळावा म्हणून थांबले. "पण मृत्यूपर्यंतच्या संपूर्ण प्रवासखर्चावर करसवलत मिळवण्याइतकी प्रगती मानवाने निश्चितच केली आहे."

सभागृहात अकरा जण होते. त्यांतले चौघे पुढच्या कार्यक्रमासाठी, म्हणजे हळदीच्या नव्या वाणावरच्या परिसंवादासाठी, जागा धरायला लवकर आले होते. दोघे माइकवाले होते. एक बाई चहाची किटली घेऊन मध्यंतराची वाट पाहत होत्या. उरलेल्या चौघांनी मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या. ते चौघेही तगारेसाहेबांचे अशील होते आणि त्या टाळ्यांत कृतज्ञता होती.

साल २०४३. सांगलीत करसल्लागारांची उणीव नव्हती, पण आरोग्य संचय खात्याच्या बाबतीत तगारेसाहेबांचा शब्द शेवटचा. हे खातं ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर प्रकार असा: औषधपाण्यासाठी जे पैसे बाजूला टाकाल त्यांच्यावर कर नाही. त्यांवरच्या व्याजावर कर नाही. ते काढून तब्येतीवर खर्च केलेत तर त्यावरही नाही. आता 'तब्येत' हा शब्द कायद्याने मुळातच सैल ठेवलेला, आणि तगारेसाहेबांनी वीस वर्षं खपून तो आणखी सैल केलेला. त्यांच्या एका अशिलाने गुडघ्यांच्या चिठ्ठीवर पोहण्याचा तलाव बांधला होता. दुसऱ्याने फुफ्फुसांसाठी पाचगणीत बंगला घेतला होता. तिसऱ्याला डॉक्टरांनी शांतता सांगितली होती, म्हणून त्याने अजिबात आवाज न करणारी मोटार घेतली होती, आणि ती कोणाला ऐकूच येत नसल्यामुळे तिच्याखाली सापडलेल्या दोघांच्या प्लास्टरचा खर्चही त्याच खात्यात बसवता येईल का, याची चौकशी तो सध्या करत होता.

"साहेब, एक विचारू का?" किटलीवाल्या बाई म्हणाल्या. "मला करच पडत न्हाई. मग मला किती सवलत?"

"शून्य," तगारेसाहेब प्रसन्नपणे म्हणाले. "पण मावशी, त्या शून्यावरही सरकार कर घेत नाही, हे विसरू नका."

"बरं झालं बाई," मावशी म्हणाल्या आणि कप मांडू लागल्या.

साडेबाराला तगारेसाहेबांनी आपल्या सहायकाला "डॉक्टरांकडे जाऊन येतो" असं सांगितलं, मोटार सभागृहापाशीच ठेवली, आणि रिक्षाने मार्केट यार्डात शालन मगदूमच्या खानावळीत जेवायला गेले. गेली सहा वर्षं, रविवार सोडून, ते रोज डॉक्टरांकडे जात होते. एवढ्या वर्षांत आपली तब्येत कशी आहे असं सहायकाने एकदाही विचारलं नव्हतं, याचं त्यांना कधीकधी वाईट वाटे.

याला कारण त्यांचं घर. घरात वाईट काही नव्हतं. वासही नव्हता. स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेलं एक पोषणयंत्र होतं. ते रोज सकाळी घरातल्या तिघांच्या रक्ताची साखर वाचून तीन वेगळ्या पुड्या टाकायचं. पत्नी मृणालची हिरवी, मुलगा निहारची राखाडी, आणि तगारेसाहेबांची भिंतीच्याच रंगाची. पुडीत कोमट पाणी घातलं की जेवण झालं. तिघे एका टेबलाशी तीन वाट्या घेऊन बसत आणि एकमेकांची विचारपूस करत.

शालनच्या खानावळीत मात्र एकच पातेलं होतं. जाजमावर हमाल, मापाडी, नर्सिंगच्या दोन मुली, पोस्टातले एक पेन्शनर आणि ट्रक थांबवून आलेले ड्रायव्हर मांडीला मांडी लावून बसत. ताकाचा माठ एक, त्यात बुडणारा तांब्या एक, कोपऱ्यात उभा पंखा एक. ते ताक ज्या विरजणाचं, ते शालनच्या सासूने कधीतरी लावलेलं. तेव्हापासून थोडं राखून दुसऱ्या दिवशी लावायचं, हे एक दिवस चुकलेलं नव्हतं. आणि भाकऱ्या बानू मुजावरच्या हातच्या.

बानू बावन्न वर्षांची. पंचवीस वर्षं त्याच चुलीसमोर बसून थापणारी, आणि थापताना अख्ख्या पंगतीची हजेरी घेणारी.

"भाऊ आले," ती म्हणाली. "आज कुठला डॉक्टर? कान का गुडघा?"

"डोळे," तगारेसाहेब पाटावर बसत म्हणाले.

"मग ठेचा घ्या. पाणी निघून साफ हुतात."

त्या दिवशी बानू दोन भाकऱ्या थापून थांबली. परातीच्या कडेला हात टेकून तिने श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मग तिसरा गोळा उचलला. पंगतीत ज्याची भाकरी संपली होती त्याने ताकाचा तांब्या पुढे ओढून वेळ काढला.

लहानपणी आलेल्या तापात बानूच्या हृदयाची एक झडप कडक झाली होती. इतकी वर्षं ती अर्धी का होईना उघडत होती. आता तेवढंही जड जात होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नवी झडप तिच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवता येईल आणि मांडीच्या शिरेतून नेऊन बसवता येईल. चार दिवसांत घरी. खर्च साडेसात लाख. मोफत यादीत नाव घातलं होतं. नंबर एकोणीस महिन्यांनी होता.

"आणि डॉक्टर काय म्हणतात?" तगारेसाहेबांनी विचारलं.

"सहा महिन्यांच्या आत करा म्हंत्यात," बानू म्हणाली. "म्हंजे फक्त तेरा महिन्यांचा फरक आहे. तेवढा कुठंतरी बसवायचा. तुम्ही बसवता न्हवं, असलं काय काय?"

तगारेसाहेबांनी ठेच्याचा मोठा घास घेतला. डोळ्यांत पाणी यायला एक सभ्य कारण मिळालं.

त्याच महिन्यात चूल चाचणी सुरू झाली.

त्याचं असं झालं होतं की आरोग्य संचय खात्यातून 'कुटुंबा'वर खर्च करायची मुभा होती, आणि कुटुंबं फार वाढली होती. एकेका खात्यावर सतरा-सतरा चुलतभाऊ निघाले. एकाने आपला गोल्फचा शिक्षक मावसभाऊ म्हणून दाखवला. कागदावर विश्वास ठेवता येईना, तेव्हा सरकारने पोटावर ठेवायचं ठरवलं.

शास्त्र तसं साधं आहे. आपल्या शरीरात आपल्या जितक्या पेशी, जवळपास तितकेच जंतू. त्यांतले बहुतेक आतड्यात राहतात आणि अन्न पचवायला मदत करतात. एकाच जातीच्या जंतूंचेही असंख्य वंश असतात, आणि त्यांच्या डीएनएत बारीक बारीक फरक असतात, जसे एकाच आडनावाच्या घरांत नाकाचे असतात. जे लोक एका पातेल्यातलं खातात, एका माठातलं पितात, एकमेकांच्या हातचं घेतात, त्यांच्या पोटांत हळूहळू तेच वंश नांदू लागतात. नवरा-बायकोच्या, भावाभावांच्या पोटांतला सारखेपणा रक्तापेक्षा स्वयंपाकघरामुळे जास्त असतो. वेगळ्या चुली मांडल्या की काही महिन्यांत तो उडून जातो. म्हणजे कोण कोणाबरोबर जेवतं, हे पोट लिहून ठेवत असतं, आणि त्याला खोटं लिहिता येत नाही.

मिक्सरएवढ्या चूलमापक यंत्रात प्रत्येकाने आपला नमुना द्यायचा. नमुना कशाचा, हे कायद्यात 'जैविक द्रव्य' एवढंच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी बऱ्याच लोकांनी थुंकी आणली आणि त्यांना समजावून परत पाठवावं लागलं. ज्यांची पोटं जुळतील ती एक चूल. रेशनकार्डाच्या जागी चूलकार्ड. रेशनवाल्यांची रांग वेगळी होती, खातेवाल्यांची वेगळी आणि वातानुकूलित. पण काटकसरीसाठी दोन्ही रांगांना संगणक एकच ठेवला होता.

कायद्यात एकोणिसावं कलम होतं: चुलीतल्या कोणाही सदस्याला चुलीतल्या सर्वांत मोठ्या खात्यातून उपचारासाठी, खातेदाराच्या परवानगीवाचून, रक्कम काढता येईल. हे कलम सूचना समितीवर असताना तगारेसाहेबांनी स्वतः लिहून दिलं होतं. त्यांच्या एका अशिलाचे वडील चेकवर सह्या करायला फार कुरकुर करत.

रविवारी सकाळी चूलकार्ड घरी आलं. मृणालने ते टेबलावर ठेवलं आणि चष्मा लावला.

"हेमंत, यात मी नाहीये."

"छपाईची चूक असेल."

"निहारही नाही. माझं कार्ड वेगळं आलंय. माझ्या चुलीत मी एकटी. निहारच्या चुलीत तो आणि त्याच्या जिममधले दोघे." तिने पान उलटलं. "तुझ्या चुलीत चौसष्ट जण आहेत."

निहारने राखाडी वाटीतून डोकं वर काढलं.

"यल्लाप्पा हुक्केरी कोण?" मृणालने विचारलं.

"हमाल आहे. स्वभावाने फार चांगला."

"बानू मुजावर कोण?"

तीस वर्षं तगारेसाहेबांनी प्राप्तिकर अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. समोरच्याला समाधान वाटेल आणि माहिती मिळणार नाही, अशी त्या उत्तरांची ख्याती होती. आज त्यांना दोनच शब्द सुचले.

"भाकरी करते."

"भाकरी," मृणाल म्हणाली. दुसरी एखादी बायको दुसराच एखादा शब्द ज्या सुरात उच्चारेल, त्या सुरात. "किती वर्षं?"

"सहा."

"रोज?"

"रविवार सोडून."

"बरोबर काय?"

"पिठलं. मंगळवारी भरलं वांगं."

मृणालने चष्मा काढला. "मी सहा वर्षं तुझ्या वाटीत जवसाची पूड मोजून घालतेय, हेमंत. चमच्याने. कडेला लागलेली झटकून."

निहारने "वांग्यात दाण्याचं कूट असतं का?" असं विचारलं, पण ती वेळ नव्हती.

खरी अडचण मृणालने नंतर शांतपणे मांडली. खात्यात एक कोटी अडतीस लाख होते. त्यांतले नव्वद पुढच्या वर्षीच्या 'वयमागे' उपचारासाठी होते: पेशींची दुरुस्ती करून नवरा-बायको दोघांनाही दहा-दहा वर्षांनी तरुण करण्याची हमी. पैसे भरायची तारीख ठरली होती. आणि आता त्या खात्यावर त्रेसष्ट माणसं हक्क सांगू शकत होती, त्यांतली निम्मी पाठीवर पोती वाहणारी. "त्यांच्या पाठींचा हिशोब केलास का?" तिने विचारलं. त्यांनी केला होता.

हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. मार्ग सरळ होता. पाच दिवस पोटधुणीच्या गोळ्या घ्यायच्या, म्हणजे जंतूंची पाटी कोरी होते. मग घरच्या पुड्या खायच्या आणि पुन्हा नमुना द्यायचा. सोबत चुलीतल्या दोन सदस्यांचं प्रतिज्ञापत्र: सदर इसम आमच्यासोबत जेवत नाही.

आठवडाभर घरच्या पुड्यांवर काढून पुढच्या सोमवारी तगारेसाहेब एका खिशात गोळ्या आणि दुसऱ्या खिशात प्रतिज्ञापत्र घेऊन खानावळीत पोचले. दारात यल्लाप्पाने पोतं खाली ठेवून त्यांना वाकून नमस्कार केला.

"काय रे हे?"

"न्हाई, कार्डावर लिवलंय. चूलप्रमुख हेमंत तगारे. आमच्या घरात थोरल्याच्या पाया पडायची पद्धत आहे."

"मी तुझ्यापेक्षा लहान आहे, यल्लाप्पा."

"आता कार्डाच्या म्होरं काय बोलणार," यल्लाप्पा म्हणाला.

आत शालन भाजीला फोडणी देत होती. तिने कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि बानूकडे दिला. वाचण्याचं काम बानूकडे असे.

बानूने पीठ लागलेल्या बोटांनी तो वाचला. कलम एकोणीस तिला ठाऊक होतं की नाही, हे तिच्या तोंडावरून कळेना. सगळ्यांच्या कार्डामागे ते छापलं होतं, आणि ती वाचणारी बाई होती. पण आठवडाभरात खात्यातून एक पैसा काढला गेलेला नव्हता. तगारेसाहेबांनी रोज सकाळी पाहिलं होतं.

"भाऊ, हे खोटं आहे की."

"हो."

"सहा वरीस जेवताय."

"हो."

"वहिनींनी लई मनाला लावून घेतलं का?"

"जवसाच्या पुडीचं जास्त."

बानूने मान हलवली. बायकांचं हे दुःख तिला समजलं. "सही करते मी. तुमचा जीव नको घाबरायला. शालनवहिनी बी करतील. पर आधी जेवा. उपाशी पोटानं खोटं बोलायला मला जमत न्हाई."

ते बसले. शालनने पिठलं वाढलं. पहिली भाकरी आली; ती वाफेने टम्म फुगली होती. दुसरी यायला वेळ लागला. तगारेसाहेब चुलीकडे पाठ करून बसत असत. आज जागा नसल्याने समोर बसले होते. त्यांना मोजायची सवय होती, म्हणून त्यांनी मोजलं. एक भाकरी, तीन श्वास. पुढची भाकरी, पाच श्वास. त्याच्या पुढची अर्धी थापून बानूने हात परातीवर तसाच ठेवला, आणि सात झाले तरी तो उचलला नाही.

"तिसरी नको मला," तगारेसाहेब म्हणाले.

"गप बसा," बानू म्हणाली. त्या दोन शब्दांच्या मध्ये तिला थांबावं लागलं.

आता इथे तगारेसाहेबांनी काय ठरवलं हे त्यांनाही लगेच कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की आपला हात खिशात गेला आणि तिथून पेन निघालं. चांगुलपणा करताना पकडलं जाणं त्यांच्या धंद्याला परवडणारं नव्हतं. सांगलीभर झालं असतं, तगारे हळवा झाला म्हणून. काहीतरी अब्रूदार कारण हवं होतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र उलटं केलं, पिठल्याच्या ताटलीशेजारी ठेवलं, आणि कायद्याची तिसरी अनुसूची मनातल्या मनात वाचायला लागले. अशी वाचत असताना त्यांच्या चेहऱ्यावर पूजेला बसलेल्या माणसाची शांती येत असे.

खात्यात वर्षाला किती करमुक्त भरता येतात? माणशी पाच लाख. माणशी. कुटुंब तिघांचं, तर पंधरा लाख. कुटुंब चौसष्टांचं असेल, तर?

त्यांनी गुणाकार केला. बोटाला लागलेलं पिठलं चाटून पुन्हा केला. तीन कोटी वीस लाख. दरसाल. आपण आत्ता गोळ्या खाऊन जे धुऊन टाकायला निघालो होतो, ते संपूर्ण राज्यातलं सर्वांत रुंद करसवलतीचं भगदाड होतं.

"बानू," ते म्हणाले, "उद्या सकाळी मिरजेला जायचं. झडप वाढवायला टाकायची."

"पैसे कुणाचे?"

"चुलीचे."

बानूने अर्धी राहिलेली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आन् वहिनी?"

"तिला मी सांगतो," तगारेसाहेब म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत शूर वाक्य होतं, आणि ते ऐकून यल्लाप्पाने आपल्या ताटातला कांदा त्यांच्या ताटात ठेवला.

मृणालने सगळं ऐकून घेतलं. आकडे दोनदा ऐकले.

"म्हणजे हे तू निव्वळ करासाठी करतोयस."

"अर्थात."

"आणि ती बाई बरी झाली, तर तो योगायोग."

"निव्वळ."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "तुला अजिबात खोटं बोलता येत नाही, हेमंत. एवढी वर्षं धंदा कसा केलास?" आणि थोड्या वेळाने, "वयमागेची तारीख पुढे ढकल. तसंही दहा वर्षांनी तरुण होऊन तू मला काय दाखवणार होतास?"

झडप वाढायला सात आठवडे लागले. त्या दिवसांत भाकऱ्या पंगतीने आळीपाळीने थापल्या आणि जे काही तयार झालं ते निमूटपणे खाल्लं. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने नेहमीप्रमाणे विचारलं, "बानू मुजावर यांचे जवळचे नातेवाईक कोण?" बाकांवरून एक्केचाळीस माणसं उठली. उरलेली पोती उतरवून येत होती. कारकुनाने कार्ड यंत्राला दाखवलं, यंत्राने हिरवा दिवा लावला, आणि फॉर्मवर नात्याच्या रकान्यात एक्केचाळीस वेळा 'चूल' असं लिहिताना त्याचं पेन संपलं.

मृणाल अकरा वाजता आली. रिकामं बाक नव्हतं, म्हणून शालनने तिला आपल्या शेजारी जागा केली. दोघींची ओळख करून द्यावी, असा विचार करत तगारेसाहेब दोनदा उठले आणि दोनदा बसले. एक वाजला तरी आतून निरोप नव्हता. शालनने पिशवीतून डबा काढला, न विचारता एक चतकोर भाकरी मृणालच्या हातावर ठेवली, वर ठेचा.

मृणालने ती खाल्ली. मग काही वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"ही कोणी केली?" तिने विचारलं.

"मी. बानूसारखी न्हाई जमत."

"हिच्यापेक्षा चांगली असते?"

"तिची असली तर हिला ताटात कोण घेणार न्हाई," शालन म्हणाली.

मृणाल नवऱ्याकडे वळली. "सहा वर्षं," ती हळू आवाजात म्हणाली, "एकदाही डबा भरून आणावासा वाटला नाही तुला." हा मात्र गुन्हा होता, आणि तगारेसाहेबांनी तो लगेच कबूल केला.

अडीच वाजता सर्जनबाई बाहेर आल्या. समोर उभी राहिलेली गर्दी पाहून त्या एक पाऊल मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "झडप बसली. छान उघडते आहे. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं की दुपारच्या पंगतीचं काय झालं." यल्लाप्पा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पोस्टातले पेन्शनर रुमाल शोधू लागले, आणि तो सापडेना तेव्हा मृणालने आपला दिला.

पुढचं सांगलीला ठाऊकच आहे. तीन कोटी वीस लाखांचा आकडा तगारेसाहेबांच्या चौघा अशिलांना पंधरा दिवसांत कळला आणि बाकीच्यांना त्याच संध्याकाळी. माणसं वाढवली की मर्यादा वाढते. माणसं वाढवायची तर त्यांच्याबरोबर जेवावं लागतं. आणि पोटं जुळायला निदान तीन महिने लागतात, त्यात लबाडी चालत नाही. मार्केट यार्डात आवाज न करणाऱ्या मोटारींची रांग लागू लागली. ज्यांना मांडी घालता येत नव्हती त्यांना हमालांनी शिकवली. पाचगणीच्या बंगल्याचे मालक कागल नाक्यावरच्या गवंड्यांबरोबर जेवू लागले. त्या चुलीतल्या एकशे दहा जणांचे मोतीबिंदू, हर्निया आणि कवळ्या वर्षभरात पार पडल्या, आणि बंगल्यात आता गवंड्यांच्या बायका बाळंतपणानंतर पंधरा दिवस हवा खायला जातात. फुफ्फुसांसाठीच घेतला होता तो, त्यामुळे हिशोबात बसतं. एका बिल्डरने मात्र हट्टाने घरात काचेचं निर्जंतुक स्वयंपाकघर बांधलं आणि एकट्याने जेवायला सुरुवात केली. त्याच्या चुलीत तो आणि त्याचा अल्सेशियन निघाला. कुत्र्याच्या दोन्ही खुब्यांचा खर्च कलम एकोणिसाखाली मंजूर झाला.

तगारेसाहेबांच्या चुलीतून पहिल्या वर्षी नऊ पाठी, चार गुडघे आणि एक झडप एवढा खर्च झाला. तरी खातं भरतच राहिलं, कारण त्यांच्या धंद्याला बरकत आली होती. मृणाल आणि निहारही खानावळीत जेवू लागले आणि साडेतीन महिन्यांनी त्यांची पोटं जुळली. भिंतीतलं पोषणयंत्र आता रोज सकाळी तीन पुड्या टाकतं आणि त्या कुंड्यांना घालतात. झाडं चांगली आहेत. मंगळवारी निहार सर्वांत आधी येऊन बसतो.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायला केंद्रीय चूल प्राधिकरणाचं शिष्टमंडळ पुढच्या मे महिन्यात सांगलीत आलं. सहा अधिकारी, दोन कॅमेरे आणि अध्यक्षा. ऐन जेवणाच्या वेळी ते सगळे खानावळीत शिरले आणि चुलीसमोर अर्धवर्तुळ करून उभे राहिले.

बानू थापत होती. परातीवर तिचे हात न थांबता चालले होते आणि ती त्याच वेळी नर्सिंगच्या मुलींपैकी थोरलीच्या लग्नाबद्दल आपलं मत सांगत होती. तगारेसाहेब समोर बसले होते. ते अजूनही मोजत. एक भाकरी, दुसरी, तिसरी, बारावी. मध्ये मोजण्यासारखं काही नव्हतं.

अध्यक्षांनी कॅमेऱ्याकडे पाहून घसा साफ केला. "करव्यवस्थेच्या इतिहासात," त्या म्हणाल्या, "एखाद्या सवलतीने श्रीमंत आणि गरीब यांच्यातलं अंतर वाढवण्याऐवजी एका जाजमाच्या रुंदीवर आणून ठेवल्याचं हे पहिलंच उदाहरण असेल. बानूताई, या परिवर्तनाच्या आपण पहिल्या लाभार्थी. उद्या आम्ही देशासाठी नवा मसुदा लिहायला बसणार आहोत. आपली जी काही मागणी असेल, ती संकोच न करता सांगा. आम्ही ती पहिल्या पानावर घालू."

पंगत थांबली. पेन्शनरांनी घास तसाच हातात धरला. यल्लाप्पाने मान वर केली. अधिकाऱ्यांपैकी सर्वांत धाकट्याने वही उघडली.

बानूने तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, फुगू दिली, आणि पदराने कपाळ टिपत अध्यक्षांकडे पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "तेवढं जरा पंख्यासमोरनं सरकता का?"